‘स्वीटन’ म्हणजे साखर घालणे नव्हे

भाषांतराच्या वर्गात एकदा मी एक बातमी दिली. लक्ष्मी मित्तल यांनी 2006 साली आर्सेलर ही युरोपातली पोलाद कंपनी घेण्यासाठी आपली ऑफर ‘स्वीटन’ केली, अशी. बऱ्याच वह्यांत उतरलं, ‘मित्तल यांनी प्रस्ताव गोड केला.’ एकीने लिहिलं, ‘गोड बोलून पटवले.’ प्रत्यक्षात जानेवारीत शेअरमागे 28.21 युरो देऊ केले होते, ते जूनमध्ये 40.40 वर नेले. म्हणजे मित्तल यांनी पैसे वाढवून दिले, एवढाच अर्थ.

‘स्वीटन’ म्हटलं की साखरेचा डबा आठवतो, तिथून घोटाळा सुरू होतो. मराठी माणसाला तर हे सहज कळायला हवं. गोड्या पाण्यात साखर नसते. ते खारं नसतं, इतकंच. गोडा मसाला चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा. दगडफुलाचा वास येईल, तीळ-खोबऱ्याचा तेलकटपणा लागेल, धने लागतील. त्याला गोडा म्हणायचं ते तिखटाचा जोर नाही म्हणून.

इंग्रजी क्रियापदाचंही असंच आहे, आणि ‘गॅस स्वीटनिंग’मध्ये ते सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथे वायूत काही घालत नाहीत, उलट त्यातून काढून टाकतात. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात वसईच्या नावाचं वायुक्षेत्र आहे, इंग्रजीत ‘बसीन’. तिथल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, तो विषारी असतो आणि पाइपलाइनही खातो. असा वायू तेलवाल्यांच्या बोलीत ‘सावर’, म्हणजे आंबट. सुरतेजवळ हजिऱ्याला ओएनजीसीच्या प्रकल्पात तो ‘स्वीट’ करतात. उंच टाकीत अमाइनचं द्रावण वरून खाली सोडतात, वायू खालून वर चढतो, आणि द्रावण वाटेत हायड्रोजन सल्फाइड धरून ठेवतं. मग तेच द्रावण तापवून मोकळं करायचं आणि पुन्हा वापरायचं. कच्च्या तेलातही गंधक साधारण अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर ते ‘स्वीट’. आंबट जमिनीत चुना टाकण्यालाही इंग्रज शेतकरी जमीन ‘स्वीटन’ करणं म्हणतो.

दुसरा गैरसमज मात्र तब्येतीवर बेततो, म्हणून तो जास्त कळकळीने सांगते. पाकिटावर ‘अनस्वीटन्ड’ असलं की आत साखर नाही असं समजून मधुमेही माणसं निर्धास्त पितात. त्या शब्दाचा अर्थ ‘वरून गोडी घातलेली नाही’ एवढाच. संत्र्याच्या अशा रसात 100 मिलिलीटरला सुमारे 8 ग्रॅम साखर फळाचीच असते. पेलाभर प्यायलात तर तीन-चार चमचे झाली. ‘शुगर फ्री’ हा दावा वेगळा. आपल्याकडे त्याला 100 ग्रॅम किंवा मिलिलीटरमागे अर्ध्या ग्रॅमची मर्यादा आहे. ‘स्वीटन्ड’ म्हणजे साखरच, असंही नाही. सुक्रालोज साखरेच्या सुमारे 600 पट गोड, त्यामुळे किंचितसं पुरतं. खरेदी करताना पुढची मोठी अक्षरं सोडा आणि मागचा बारीक तक्ता वाचा.

कंडेन्स्ड मिल्कचा डबा बघा. त्यात दुधाची स्वतःची धरून निम्म्याहून अधिक साखर असते. ती चवीपुरती नसते, तर दूध टिकावं म्हणूनही असते, आपल्या मुरांब्यासारखी.

‘स्वीटनर’ म्हणजे लाच, असंही ठोकून दिलं जातं. कंत्राटाच्या बातमीत तो अर्थ असू शकतो, आणि तिथे ‘हात ओले करणे’ चपखल बसतं. पण एखादी कंपनी कामगारांनी करार मान्य करावा म्हणून वर बोनस देते, तोही ‘स्वीटनर’च, आणि तो कायदेशीर असतो. ‘पिल’ स्वीटन करणं म्हणजे मात्र आपली शर्करावगुंठित गोळी. औषध तेवढंच कडू राहतं, घशाखाली उतरणं सोपं जातं.

‘गोड बोलून पटवले’ लिहिणारीला मी नंतर बोलावून सांगितलं की तिचं उत्तर चुकलं, पण शब्दाच्या मुळाजवळ गेलं. ‘स्वीट’ आणि संस्कृतातला ‘स्वादु’ एकाच मुळातून आले, आणि मन वळवण्यासाठीचा इंग्रजी शब्द ‘पर्स्वेड’ही लॅटिनमार्गे तिथलाच. ऐकून तिने वही पुढे ओढली आणि खाली नवं वाक्य लिहिलं : ‘मित्तल यांनी देऊ केलेली किंमत वाढवली.’