होम इज अ फॉरेन प्लेस

'होम इज अ फॉरेन प्लेस' (अर्थ: घर हा एक परका प्रदेश) ही भारतीय वंशाच्या अमेरिकी चित्रकर्त्री झरिना हाश्मी (१९३७–२०२०) यांची ३६ काष्ठठसा-मुद्राचित्रांची मालिका आहे. ती १९९९ साली पूर्ण झाली. दार, उंबरठा, भिंत, अंगण अशा नित्य परिचयाच्या गोष्टींना तिच्यात सरळ रेषा व साध्या भौमितिक आकारांचे अमूर्त रूप दिलेले आहे.

पार्श्वभूमी

झरिना यांचा जन्म अलीगढ येथे झाला. त्यांचे वडील अलीगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. त्याच विद्यापीठातून झरिना यांनी १९५८ मध्ये गणिताची पदवी घेतली. फाळणीच्या वेळी त्या दहा वर्षांच्या होत्या. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे आईवडील पाकिस्तानात स्थायिक झाले आणि अलीगढचे घर कायमचे दुरावले. पॅरिस येथे स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या 'आतल्ये १७' या कार्यशाळेत त्यांनी मुद्राचित्रण शिकून घेतले, तर काष्ठठशाच्या तंत्राचा अभ्यास जपानमध्ये केला. १९७० च्या दशकात त्या न्यूयॉर्कला राहू लागल्या. तेथील राहती जागा सोडावी लागण्याची शक्यता निर्माण झाली, त्या काळात ही मालिका आकाराला आली.

निर्मिती

या मालिकेत शब्द आधी आला व चित्र नंतर. झरिना यांनी घराशी निगडित उर्दू शब्दांची यादी करून ती पाकिस्तानातील एका सुलेखनकाराकडे पाठवली. नस्तालिक वळणात लिहून आलेल्या प्रत्येक शब्दासाठी त्यांनी एकेक ठसा कोरला. काष्ठठशात जो भाग कोरा ठेवायचा असतो तो कोरून काढतात आणि उंच राहिलेल्या भागावर शाई लावून कागदावर छाप घेतात. त्यामुळे एक बारीक रेषा उमटवायची झाली, तरी तिच्या भोवतीचे सारे लाकूड काढून टाकावे लागते. हे छाप कोझो या जपानी कागदावर घेऊन जाड कागदावर चिकटवलेले आहेत. प्रत्येक चित्राखाली त्याचा शब्द छापलेला आहे.

स्वरूप आणि आशय

मालिकेचा आरंभ 'घर' या शब्दाने होतो. त्यातील आकृती अलीगढच्या घराच्या आराखड्यावर आधारलेली आहे. पुढे वास्तूचे भाग, दिवसाचे प्रहर व ऋतू येतात आणि क्रमाने अंतर, रस्ता, सरहद, देश, भाषा अशा संकल्पनांकडे मालिका वळते. त्यांपैकी 'घर', 'दरवाजा', 'सरहद' हे शब्द मराठीतही रूढ आहेत.

कोणतीही वस्तू येथे हुबेहूब रेखाटलेली नाही. प्रत्यक्ष घर हाताशी उरले नसताना आठवणीत त्याचा जो सांगाडा टिकून राहतो, तेवढाच रेषांमध्ये मांडलेला आहे. या अमूर्ततेमुळे ते घर विशिष्ट कुटुंबापुरते मर्यादित राहत नाही. ज्याला आपले गाव सोडावे लागले, त्याला त्या चौकटीत स्वतःचे दार दिसू शकते. मातृभाषेतील शब्द हेच येथे उरलेले घर ठरते.

संग्रह

ही मालिका न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट या संस्थांच्या संग्रहांत आहे. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१९ मध्ये भरवलेल्या एका प्रदर्शनाला याच मालिकेचे नाव दिले होते.