जुने घर विकताना, नवे बांधताना

धानाचे पुंजणे लागले की आमच्या भागात घरांच्या गोष्टी सुरू होतात. ओल उतरलेली असते, नदीची वाळू उघडी पडलेली असते, मिस्त्री मोकळा असतो. 10 जून ते 30 सप्टेंबर वाळूचा उपसा बंद, त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीत पाया खणायची वेळ पाऊसच ठरवतो. नव्या घराला पैसा लागतो, म्हणून याच दिवसांत जुने घरही विकायला निघते.

गेल्या हिवाळ्यात रजिस्ट्री ऑफिसच्या ओट्यावर एक काकाजी बसलेले दिसले. मांडीवर पत्र्याची पेटी होती. पेटीत रबर लावून ठेवलेल्या ग्रामपंचायतीच्या टॅक्स पावत्या, काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. "चाळीस वर्षं टॅक्स मीच भरला न भाऊ, मंग घर माझंच नाही काय?" त्यांची रजिस्ट्री त्या दिवशी झाली नाही. घेणाऱ्याच्या वकिलाने एवढेच विचारले होते, की तुमच्या दोन बहिणींच्या सह्या कुठे आहेत? तिकडे नव्या घराचा स्लॅब टाकायचा होता, सेंट्रिंगवाल्याला पैसे देऊन झाले होते आणि इसाराची रक्कम लोखंडात गेली होती.

काकाजींची चूक सर्वत्र होते. घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे. घराचा कर कोणी भरावा, हे ती सांगते. घर कोणाच्या मालकीचे, हे ती ठरवत नाही. मालकीसाठी नोंदणीकृत खरेदीखत, वाटणीपत्र, आखिव पत्रिका, शेतजमिनीवर घर असेल तर सातबारा आणि त्यामागचे फेरफार बघावे लागतात. गावठाणातल्या घरांना असा कागद वर्षानुवर्षे नव्हताच. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देण्याचे काम हाती घेतले गेले. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर ते पत्रक आधी हाती घ्या, त्यावर नावे बरोबर आहेत का बघा आणि मगच गिऱ्हाईकाशी बोला.

बहिणींच्या सहीबद्दल घरोघरी एकच वाक्य ऐकू येते: "लग्नात दिलं-घेतलं, आता तिचा काय संबंध?" संबंध आहे. वडिलांनी स्वतः कमावलेले घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने आई, मुलगे आणि मुली यांचा हक्क सारखा आहे. घर वडिलोपार्जित असेल तर 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मानेच हिस्सेदार आहे. त्या दिवशी वडील हयात असायला हवे होते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी मिटवला: तशी गरज नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित राहतात. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. बाँड पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला की झाले, हा समज खोटा आहे.

हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू होत नाही. तेवढ्यावरून आपल्याकडे अनेक जण आदिवासी लेकीला हिस्साच नाही असे धरून चालतात. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात 17 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रूढी मुलींना वगळते हे सिद्ध झाले नसेल तर समानतेच्या तत्त्वाने त्यांनाही वाटा मिळाला पाहिजे. सीमेपलीकडचा निकाल म्हणून तो दुर्लक्षू नये. कोरची-कुरखेड्याची माणसे आणि तिकडची माणसे एकमेकांची सोयरी आहेत.

आता घराखालच्या जमिनीकडे येतो. या दोन जिल्ह्यांत सर्वांत महागात पडणारे गैरसमज इथेच आहेत.

"घर माझं, जमिनीचं नंतर बघू" असे म्हणून विटा-कवेलूंचा सौदा होतो. पण आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जाताना महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 36-अ आडवे येते. 6 जुलै 1974 पासून विक्री, दान, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा यांतल्या कशालाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि विक्रीसाठी शासनाची मान्यताही लागते. परवानगी नसेल तर व्यवहार टिकत नाही. घेणाऱ्याने वीस वर्षे तिथे राहून पक्के घर बांधले तरी त्याचा हक्क तयार होत नाही. ही तरतूद जाच नाही. ती नसती तर एटापल्ली-भामरागडच्या रस्त्याकडेची किती जमीन आज मूळ माणसांकडे उरली असती, याचा विचार करावा.

वनहक्क पट्ट्याबद्दल दुसरा समज आहे. जबरानजोत करणाऱ्यांना 2006 च्या वनहक्क कायद्याने पट्टे मिळाले, काहींची नावे सातबाऱ्यावरही चढली. सातबाऱ्यावर नाव आले म्हणजे विकता येते, असे लोक मानतात. त्या कायद्याच्या कलम 4(4) ने हा हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. पती-पत्नी असतील तर पट्टा दोघांच्या नावे असतो. पट्ट्याच्या जमिनीवरचे घर विकून तालुक्याला प्लॉट घेण्याचा बेत म्हणूनच कागदावर उभाच राहत नाही. उलट बाजू मात्र फार थोड्यांना माहीत आहे. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून या कायद्यात राज्यापुरता बदल केला आणि अनुसूचित क्षेत्रातल्या वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घरासाठी जागा मिळण्याची वाट मोकळी केली. वाढत्या कुटुंबाने जंगलात चोरून खांब रोवण्यापेक्षा ग्रामसभेत तो विषय मांडावा.

मेंढा-लेखाचे उदाहरण तर याहून पुढचे. धानोरा तालुक्यातल्या या गावाने 2013 मध्ये 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेती ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. अशा गावात जमीन बाहेरच्याला विकायचा प्रश्नच उरत नाही. म्हणून कोणत्याही गावात सौदा करण्याआधी त्या गावाची रीत विचारावी.

नवा प्लॉट घेताना सातबाऱ्यावर "झुडपी जंगल" हे दोन शब्द दिसतात का, तेही बघा. "जंगल काही नाही, नुसतं रान आहे" असे विकणारा सांगतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशा नोंदीच्या जमिनी पसरलेल्या आहेत. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमिनीच मानल्या जातील असे स्पष्ट केले. 12 डिसेंबर 1996 पूर्वी झालेल्या वाटपांना नियमित होण्याची वाट आहे, त्यानंतरच्यांची तपासणी कडक आहे. आज कोणी असा प्लॉट स्वस्तात देत असेल तर तो घेऊ नका. जुन्या घराचे सगळे पैसे अशा प्लॉटमध्ये गेले तर कुटुंबाच्या हाती ना घर राहते, ना पैसा.

"घेणाऱ्यानं बघून घ्यावं, आपण कशाला सांगावं?" हेही कायद्याला धरून नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 म्हणते, की साध्या पाहणीत न दिसणारा आणि विकणाऱ्याला माहीत असलेला मोठा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. 26 ऑगस्ट 2022 रोजी घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. घरातली माणसे वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाणपट्ट्यातल्या घराला तडे जात असतील तर चुना फासून, रंग देऊन ते खपवणे हा गुन्हेगारीच्या जवळ जाणारा प्रकार आहे, असे मी म्हणेन.

आता कराचा भाग.

"गावातलं घर विकलं तर टॅक्स नसतो" हा समज शेतजमिनीवरून आला आहे. ग्रामीण भागातली शेतजमीन प्राप्तिकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नसते, म्हणून तिच्या विक्रीवर हा कर नाही. घर ही वेगळी चीज आहे. ते मुलचेरात असो की चंद्रपूरच्या तुकूममध्ये, नफा झाला तर तो कराच्या हिशेबात येतो. मात्र विक्रीची सगळी रक्कम म्हणजे नफा नव्हे. समजा, वडिलांचे जुने घर 30 लाखांना गेले आणि 1 एप्रिल 2001 रोजीची त्याची रास्त किंमत 4 लाख ठरली. मग नफा 26 लाख. घर दोन वर्षांहून अधिक काळ ताब्यात असेल तर तो दीर्घ मुदतीचा नफा धरतात आणि वारसाने आलेल्या घराला वडिलांचाही काळ मोजला जातो.

हा नफा नव्या घरात घातला तर प्राप्तिकर कायद्याच्या कलम 54 ची सूट मिळते. 26 लाख नव्या घरात गेले तर कर शून्य. 30 च्या 30 लाख घालावे लागतात, ही भीती अनाठायी आहे. 20 लाखच घातले तर उरलेल्या 6 लाखांवर 12.5 टक्क्यांनी 75 हजार आणि वर उपकर. 23 जुलै 2024 पूर्वी मिळालेल्या घराला महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा पर्यायही आहे, तेव्हा दोन्ही हिशेब करून घ्यावेत. 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तुमची विक्री कोणत्या तारखेची, हे सल्लागाराला आधी सांगा.

मुदती दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. तयार घर घ्यायचे तर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षे नंतर. स्वतः बांधायचे तर विक्रीपासून तीन वर्षांत बांधकाम पूर्ण. "बांधकाम आधी सुरू केलं म्हणून सूट गेली" असे सांगणारे भेटतात. कर्नाटकासह काही उच्च न्यायालयांनी म्हटले आहे की सुरुवात विक्रीआधी झाली तरी चालते, पूर्ण होणे मुदतीत हवे. प्लॉटची किंमतही बांधकामाच्या खर्चात धरता येते. पैसे लगेच लागणार नसतील तर विवरणपत्र भरायच्या मुदतीआधी ते भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात, साध्या बचत खात्यात ठेवून भागत नाही. बँकेच्या ग्रामीण शाखेत हे खाते उघडत नाही, त्यामुळे दुर्गम तालुक्यातल्या माणसाला जिल्ह्याच्या गावी खेप करावीच लागते. ही खेप चुकवू नका.

आणि सर्वांत जास्त घरांत होणारी चूक अशी: घर वडिलांच्या नावाचे विकायचे आणि नवे बांधायचे मुलाच्या प्लॉटवर. "बापलेक काय वेगळे आहेत?" प्राप्तिकराच्या नजरेत वेगळे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2008 मध्ये मुलाच्या नावे घेतलेल्या घरावर, याच धर्तीच्या कलम 54-फ खाली मागितलेली सूट नाकारली. नवे घर विकणाऱ्याच्या नावे, निदान त्याच्यासह, असावे. भावंडांनी मिळून घर विकले असेल तर प्रत्येकाच्या हिश्शाचा नफा वेगळा आणि सूटही वेगळी. भावाने घर बांधले म्हणून बहिणीचा कर माफ होत नाही. तिच्या वाट्याचा कर कोण भरणार, हे हक्काच्या बोलण्यातच ठरवून घ्या.

व्यवहार करताना "कागदावर कमी दाखवू, बाकी रोखीने" हा सल्ला हटकून मिळतो. रेडीरेकनरचा दर कागदावरच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असेल तर कर रेडीरेकनरच्याच किमतीवर लागतो. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेतल्यास ती रोख घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्यावर, तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. शिवाय रोखीत आलेला पैसा नव्या घरात घातल्याचे दाखवता येत नाही, म्हणजे सूटही हातची जाते.

जुन्या घराच्या सागवानाबद्दलही बोलायला हवे. आमच्याकडच्या जुन्या घरांत खांब, म्याल, दारे सागाची. मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून सागवान अयोध्येच्या मंदिरासाठी गेले, इतका त्याचा लौकिक. घर पाडून ते लाकूड नव्या घरी न्यायचे असेल तर "आपल्याच घरचं आहे" म्हणून ट्रॅक्टरवर टाकू नका. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन वाहतूक परवान्याचे बघा. विक्रीपत्रातही लिहा, की दारे-खांब कोण नेणार. ते लिहिले नसेल तर जमिनीला जडलेली वस्तू घेणाऱ्याची होते.

ताब्याची तारीख वेगळी लिहिता येते, हे तर अनेकांना ठाऊकच नसते. रजिस्ट्री आज झाली म्हणून आजच घर सोडावे लागत नाही. नवे घर होईपर्यंत राहायचे असेल तर किती महिने, भाडे किती, हे कागदावर आणा. घरकुलाचे हप्तेही काम पुढे सरकल्याचे फोटो चढल्यावर येतात, तेव्हा डोक्यावरचे एकुलते एक छप्पर आधी मोकळे करू नका. घरकुलधारकाला 2025 च्या वाळू धोरणाने पाच ब्रास वाळू मोफत आहे, ती मागून घ्या.

त्या काकाजींच्या दोन्ही बहिणींनी नंतर सह्या दिल्या. एकीने हिस्सा घेतला, एकीने सोडला. रजिस्ट्री माघात झाली आणि स्लॅब मात्र पुढच्या सुगीपर्यंत लांबला.

इसार घेण्याआधी कागद कोणाला तरी जाणत्याला दाखवा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण चंद्रपूरलाही आहे, गडचिरोलीलाही आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही, सल्ला मोफत मिळतो. मदतीचा क्रमांक 15100.