फाइल फुटली, आता फोन येईल

सप्टेंबर २०२४मध्ये टेलिग्रामवर दोन बॉट राजरोस चालू होते. एक आरोग्यविम्याच्या क्लेमचे कागद पीडीएफमध्ये काढून देत होता, दुसरा विमाधारकांचे तपशील. माल होता स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांचा. रॉयटर्सच्या बातमीदारांनी त्यातले कागद उतरवून पाहिले, तर नाव, पत्ता, मोबाइल नंबर, ओळखपत्राची प्रत, तपासण्यांचे रिपोर्ट आणि निदान असं सगळं त्यांत होतं. ३ कोटींहून जास्त लोकांची माहिती हाती आहे, असा चोरट्याचा दावा होता. मोठ्या प्रमाणावर काही फुटलेलं नाही, असं कंपनी सुरुवातीला म्हणाली. मग तिने मद्रास उच्च न्यायालयातून टेलिग्रामविरुद्ध मनाई हुकूम मिळवला आणि पुढे ६८ हजार डॉलरची खंडणी मागितली गेल्याचंही सांगितलं.

अशी बातमी वाचणाऱ्या पॉलिसीधारकाचा प्रश्न एकच असतो: त्यात मी आहे का? रुग्णालय, लॅब, विमा कंपनी, सगळे मोघम निवेदन देतात आणि या प्रश्नाला बगल देतात. पण पुढची सगळी धडपड याच उत्तरावर अवलंबून असते, म्हणून ते लेखी मागून घ्यावं लागतं.

रुग्णाच्या फाइलीत एवढं असतं तरी काय, हे कॅशलेसच्या काउंटरवर तासभर उभं राहिलं की कळतं. आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स, रद्द केलेला चेक, पॉलिसीची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी, सोनोग्राफीचा रिपोर्ट, शेवटी डिस्चार्ज कार्ड. सगळं एका पिनेत टोचलेलं. काउंटरवरचा मुलगा ते स्कॅन करतो, कधी घाईत स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून पुढे धाडतो. बँकेकडे आपल्या पैशांची माहिती असते, पासपोर्ट कार्यालयाकडे ओळखीची. इथे दोन्ही आहेत आणि वर शरीराचा हिशेबही. कार्ड ब्लॉक करता येतं, पासवर्ड बदलता येतो. दहा वर्षांपूर्वीच्या गर्भपाताची किंवा मानसोपचाराची नोंद बदलता येत नाही.

फिनलंडमध्ये वास्तामो या मानसोपचार केंद्राच्या बाबतीत २०२०मध्ये नेमकं हेच घडलं. केंद्राने खंडणी दिली नाही, तेव्हा चोरट्याने थेट रुग्णांना ईमेल पाठवले: पैसे भरा, नाहीतर थेरपिस्टला सांगितलेलं जगाला सांगतो. सुमारे ३३ हजार लोकांच्या नोंदी त्याच्या हाती होत्या. २०२४मध्ये त्याला सहा वर्षांहून अधिक कैद झाली; उघड झालेल्या नोंदी मात्र उघडच राहिल्या.

आपल्याकडे खंडणीच्या ईमेलपेक्षा फोन येण्याची शक्यता जास्त, आणि तो फार गोड असतो. 'काकू, विमा कंपनीतून बोलतोय. बारा तारखेला तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना? डावा गुडघा. तुमचे अठरा हजार पाचशे अडकलेत, डॉक्टरांची सही राहिली होती. एक लिंक पाठवतो.' डावा की उजवा हे समोरच्याला ठाऊक आहे म्हटल्यावर संशय घ्यायचा तरी कुठून? माहिती फुटल्याची कुणकुण लागली की घरातल्या ज्येष्ठांना आधी हे सांगायला हवं: आजाराची बारीकसारीक माहिती असणं म्हणजे तो माणूस खरा, असं नाही. फोन ठेवायचा आणि पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या नंबरावर आपण स्वतः लावायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन आणि बँक; पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत गोठवले गेले तरच परत मिळण्याची आशा असते.

बाकीची डागडुजी अर्ध्या तासाची आहे. आधारची प्रत फुटली असेल तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बोटांचे ठसे लॉक करावेत. आपलं आधार अलीकडे कुठे कुठे वापरलं गेलं, तेही तिथेच दिसतं. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत, हे संचार साथी या सरकारी पोर्टलवर कळतं. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो; तो मागवून अनोळखी कर्ज दिसतंय का, ते पाहावं.

एका गोष्टीकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे क्लेमचा इतिहास. तुमची पॉलिसी आणि ओळखपत्र वापरून दुसऱ्याच कुणाच्या उपचारांचं बिल लावलं गेलं, तर विम्याची रक्कम संपते ती तुमची. शिवाय तुम्हाला कधीही न झालेला आजार तुमच्या नावापुढे चिकटतो. उद्या खरा क्लेम टाकाल तेव्हा कंपनी म्हणेल, हा आजार जुना होता, तुम्ही लपवलात. म्हणून विमा कंपनीकडून आजवरच्या सगळ्या क्लेमची यादी मागवून तारखा जुळवून पाहाव्यात. आयुष्मान कार्ड असेल तर १४५५५ वर, महात्मा फुले योजनेसाठी १५५३८८ वर विचारता येतं. खासगी विमा कंपनीने दाद दिली नाही तर विमा नियामक आयआरडीएआयचं 'बीमा भरोसा' पोर्टल आहे. त्यानंतर विमा लोकपाल; त्यांची कार्यालयं मुंबई-पुण्यात आहेत आणि तिथे फी लागत नाही.

चोरी म्हटलं की हुडी घातलेला हॅकर डोळ्यांसमोर येतो, तो बहुतेक सिनेमाच्या कृपेने. २०२०मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने इंटरनेटवर उघडी पडलेली एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआयची भांडारं मोजली, तेव्हा भारतात महाराष्ट्र पहिला होता: ३ लाखांहून जास्त तपासण्या, जवळपास ७ कोटी प्रतिमा. पाहायला कुलूप तोडावं लागत नव्हतं, कारण कुलूपच नव्हतं. फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले स्त्री-रुग्णांचे व्हिडिओ यूट्यूब आणि टेलिग्रामवर निघाले. तपासात पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचेही तरुण होते. तिथल्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड विकत घेतल्या दिवशीचाच, 'ॲडमिन१२३', असा होता. तपासणीच्या खोलीत कॅमेरा कशाला, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. असं चित्रण बाहेर आलं तर केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिलांशी संबंधित तक्रार नाव न देताही नोंदवता येते.

माहिती नुसती फुटते असं नाही, ती हातची जातेही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा खंडणीखोरांनी कुलूपबंद केला. पुढचे बरेच दिवस देशातल्या या नामवंत सरकारी रुग्णालयात केसपेपर हाताने लिहिले जात होते. तेव्हा आपल्या कागदांचा एक संच आपल्याकडे हवाच. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. 'रेकॉर्ड रूमवाले सुट्टीवर आहेत' हे नियमात बसणारं कारण नाही.

आता कायद्याकडे वळू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५चे. माहिती फुटली तर प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब, समजेल अशा भाषेत कळवायचं: काय फुटलं, कधी, परिणाम काय होऊ शकतात, तुम्ही काय काळजी घ्यावी, विचारायचं कुणाला. डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत. सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. आकडे भारदस्त आहेत. पण ही कलमं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७. आणि दंड जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याची फाइल फुटली त्याला या कायद्यात एक छदामही नाही. उलट खोटी तक्रार केल्यास त्यालाच १० हजारांपर्यंत दंड आहे.

भरपाईचं जे कलम होतं, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ४३अ, तेही या नव्या कायद्याने रद्द होणार आहे. मात्र हे रद्द होणंही त्याच १८ महिन्यांनंतरचं, म्हणून तोवर ते वापरता येतं. खासगी रुग्णालयाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे ५ कोटींपर्यंतचा दावा करता येतो. बँक फसवणुकीच्या प्रकरणांत महाराष्ट्रात याच अधिकाऱ्याने ग्राहकांच्या बाजूने निकाल दिलेले आहेत. दुसरी वाट ग्राहक आयोगाची. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला सांगणं, ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच मानली आहे. वॉर्डबॉयने रिपोर्टचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, तर हे कलम डोळ्यांसमोर ठेवावं. मुदत दोन वर्षांची. एचआयव्ही, मानसिक आजार आणि गर्भपात यांच्या गोपनीयतेसाठी वेगळे कायदे आहेत आणि ते अधिक कडक आहेत.

या सगळ्या वाटांना कागद लागतो, आणि तो पहिला कागद आपणच तयार करायचा असतो. वकिलाची गरज नाही. रुग्णालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे साध्या मराठीत लिहावं: 'मी अमुक तारखेला आपल्याकडे दाखल होतो, माझा नोंदणी क्रमांक अमुक. आपल्याकडील माहिती फुटल्याचे समजते. त्यात माझी माहिती आहे का? असल्यास नेमकी कोणती, कोणत्या तारखेपर्यंतची? पोलिसांत आणि सर्ट-इनकडे आपण कधी कळवले? माझ्या आधारची प्रत आता आवश्यक नसल्यास नष्ट करून तसे लेखी कळवावे.' वैद्यकीय नोंदी पुसा असं मात्र लिहू नये. त्या किमान तीन वर्षं ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे आणि उद्या त्या आपल्यालाच लागतील. सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा. तिला सहा तासांत कळवावं लागतं, असा २०२२चा आदेश आहे, त्यामुळे या एका प्रश्नावर प्रशासनाला उडवाउडवी करणं अवघड जातं. ईमेल करावा आणि एक प्रत आवक-जावक खिडकीवर देऊन दुसरीवर शिक्का घ्यावा.

रुग्णालय सरकारी किंवा महापालिकेचं असेल तर ४३अची वाट तिथे बिकट, कारण ते कलम व्यवसाय करणाऱ्या संस्थांसाठी आहे. तिथे तारखा आणि बाधितांची संख्या माहिती अधिकाराखाली विचारावी. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. सुरक्षेची तांत्रिक माहिती मागू नये, ती हमखास नाकारतात.