झाडाखालची गाडी कोणाच्या लायसन्सवर?

पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकच्या कॉलन्यांमध्ये चेनसॉचा कर्कश आवाज सुरू होतो. महावितरणची माणसं तारांना टेकलेल्या फांद्या उतरवत असतात, महापालिकेची बकेटवाली गाडी एखाद्या गुलमोहराखाली उभी असते आणि सोसायट्यांनी बोलावलेले खासगी ठेकेदार टेम्पो, दोरखंड नि 'कटर' घेऊन फिरत असतात. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आल्याने रस्तारुंदीचं नि साफसफाईचं काम वाढलंय. त्यात शिरू पाहणाऱ्या पोरांना सल्ले भरपूर मिळतात, फक्त त्यातले निम्मे चुकीचे असतात.

घोळ होतो तो एकाच ठिकाणी. रस्त्यावरून गाडी न्यायचं लायसन्स, मशीन चालवायचं कसब आणि झाडाला हात लावायची परवानगी या तीन निराळ्या गोष्टी आहेत. एक खिशात आहे म्हणून उरलेल्या दोन आपोआप येत नाहीत.

"पिवळी पाटी आहे ना, मग हेवी लायसन्स पाहिजे"

हा सगळ्यात पसरलेला समज, आणि निम्माच खरा. नंबर प्लेटचा रंग गाडीचा वापर सांगतो, वजन सांगत नाही. लायसन्सचा प्रश्न वजनावर अडतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम २(२१)मध्ये हलक्या वाहनाची हद्द ७,५०० किलो अशी आखली आहे. मालवाहू गाडी असेल तर हे वजन मालासकट धरायचं, म्हणजे आरसीवर जे 'ग्रॉस वेट' लिहिलेलं असतं ते. रिकाम्या गाडीचं नव्हे. कार, ट्रॅक्टर आणि रोडरोलर यांच्या बाबतीत मात्र रिकामं वजन मोजतात. बरेच जण इथेच फसतात, कारण आरसीवर दोन्ही आकडे एकाखाली एक छापलेले असतात आणि नजर आधी जाते ती लहान आकड्याकडे.

साध्या कारच्या, म्हणजे एलएमव्ही लायसन्सवर अशी हलकी मालवाहू गाडी चालवता येते का, यावर वर्षानुवर्षं कोर्टात भांडणं झाली. अपघात झाला की विमा कंपनी म्हणायची, ड्रायव्हरकडे ट्रान्सपोर्टचा शेरा नव्हता, आम्ही पैसे देणार नाही. २०१७मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ड्रायव्हरच्या बाजूने कौल दिला. त्यावरही शंका निघाल्या म्हणून प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेलं. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला: ७,५०० किलोंच्या आतलं मालवाहू वाहन एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं, वेगळा शेरा लागत नाही. घातक माल वाहून नेणाऱ्या गाड्यांना ही मोकळीक नाही, पण आपल्या कामात फांद्याच असतात.

म्हणजे फांद्या भरायची ४०७सारखी छोटी गाडी असेल तर कारचं लायसन्स पुरतं. दहा चाकी टिपर असेल तर अजिबात नाही. मधल्या गाड्यांचं मात्र आरसी वाचल्याशिवाय काही सांगू नये. बाजारात ७,५००च्या काठावर, अगदी दहा-वीस किलो आत बसवलेल्या गाड्या मिळतात आणि तशाच दिसणाऱ्या पण दोन टनांनी जड गाड्याही मिळतात. बाहेरून ओळखू येत नाही.

आणखी एक गोष्ट अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये सर्रास विसरली जाते. जुन्या टेम्पोच्या सांगाड्यावर बूम आणि बकेट बसवली की ती गाडी आरसीवर लिहिलेली गाडी राहत नाही. कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलात मनाजोगता बदल करता येत नाही. वेल्डिंग कितीही सुबक असो, कागदावर ती गाडी बेकायदा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

"महापालिकेची गाडी सरकारी, तिला काय लागतं?"

या समजाला थोडा आधार आहे, म्हणून तो इतका टिकलाय. केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २००४च्या अधिसूचनेत वाहनांच्या दोन याद्या दिल्या, ट्रान्सपोर्ट आणि नॉन-ट्रान्सपोर्ट. केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या टॉवर वॅगन आणि झाडं छाटायच्या गाड्या यांचं नाव दुसऱ्या यादीत स्पष्ट आहे. यादीत 'मालकीच्या' हा शब्द मुद्दाम आहे. अगदी तशीच बकेट गाडी ठेकेदाराने स्वतः घेतली तर या नोंदीचा फायदा त्याला मिळत नाही.

आणि नॉन-ट्रान्सपोर्ट म्हणजे 'कोणीही चालवा' असं नाही. जड गाडी हलकी होत नाही, ड्रायव्हरकडे त्या वर्गाचं लायसन्स हवंच. ज्याच्याकडे नाही त्याच्या हाती गाडी दिली तर कलम १८० नुसार मालकाला ५,००० रुपये दंड, आणि चालवणाऱ्याला कलम १८१ नुसार वेगळा. शिवाय विमा कंपनीने जखमीला भरपाई दिली तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा कोर्ट देतं. मालकाचं खरं नुकसान होतं ते इथे.

"आठवी पास नाही, मग लायसन्स मिळत नाही"

मिळतं. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी आठवी पासची अट २०१९मध्ये काढून टाकली. अजूनही एजंट या नावाखाली जादा पैसे उकळतात, ते देऊ नयेत.

उरलेल्या अटी अशा: वय २० पूर्ण, आणि एलएमव्ही लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं. मग पेठ रोडवरच्या आरटीओत लर्निंग काढायचं, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकायचं, आणि किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट. स्कूलचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म ५. नियमाप्रमाणे या शिकवणीचा काळ किमान ३० दिवसांचा आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास किमान १५. दोन चकरा मारून प्रमाणपत्र देणाऱ्या स्कूलचं नाव मी घेत नाही, पण तिथून शिकलेला पोरगा द्वारका चौकातल्या गर्दीत टिपर वळवताना बघितला की कळतं. डॉक्टरचं प्रमाणपत्र, फॉर्म १ए, ट्रान्सपोर्टला प्रत्येक वयात लागतं. चाळिशीनंतरच लागतं ही समजूत नॉन-ट्रान्सपोर्टवाल्यांची.

ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत २०१९च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षं आहे, आधी ती तीन होती. त्याच दुरुस्तीत मुदत संपल्यावरची ३० दिवसांची सवलत गेली. "महिनाभर चालतं" असं अजूनही ऐकू येतं. आता एक दिवसही चालत नाही. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. आणि बॅज, म्हणजे बिल्ला? तो प्रवासी वाहनांच्या चालकांसाठी. फांद्या भरलेल्या ट्रकला बॅज मागणारा एकतर अडाणी, नाहीतर चलाख.

"ट्रक येतो म्हणजे बकेटही येते"

हँडब्रेक ओढला की आरटीओच्या लायसन्सचं काम संपतं. त्यापुढे बूम वर नेणं, जॅक टेकवणं, चेनसॉ चालवणं हे सगळं आरटीओच्या टेस्टमध्ये कुठेच नाही. त्यामुळे वीस वर्षं कांद्याचा ट्रक हाकलेला माणूस बकेटच्या लिव्हरपुढे नवखाच असतो.

बकेटवाल्या गाडीचे दोन शत्रू असतात, जमीन आणि तार. बूम बाजूला पसरली की सगळा भार एका जॅकवर येतो, आणि कॉलनीतल्या रस्त्याकडेला नेमकं तिथे ड्रेनेजचं चेंबर असतं किंवा पेव्हर ब्लॉकखाली मऊ माती. जॅकखाली जाड फळी घालायचा आळस करायचा नाही. बूम वर असताना गाडी पुढे घ्यायची नाही, दोन फुटांसाठीसुद्धा नाही.

तारेबद्दलचे गैरसमज तर जीवघेणे आहेत. "बकेट फायबरची आहे, करंट लागत नाही" हे फक्त इन्सुलेटेड म्हणून बनवलेल्या आणि ठरावीक काळाने तपासलेल्या बूमबद्दल म्हणता येतं. साध्या लोखंडी बूमला फायबरचा डबा लावला तर डबा तेवढा प्लास्टिकचा, बाकी सगळं लोखंड. ओली फांदी करंट वाहते. आणि "लाइन बंद केलीय" हे फोनवरचं वाक्य पुरेसं नाही. महावितरणकडून परमिट घेतलेलं हवं आणि काम चालू असलेल्या जागी अर्थिंग केलेलं हवं. कारण शेजारच्या इमारतीत इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर बंद तारेत उलट्या बाजूने वीज येते. वायरमन ही गोष्ट पहिल्या दिवशी शिकतो, झाडवाला मात्र अनेकदा ऐकतही नाही.

"जोर लावला की कटर कापतो"

चेनसॉला जोर लावावा लागत असेल तर चेन बोथट आहे. भुशाकडे बघा. धारदार चेनमधून लाकडाचे चपटे कपचे उडतात. पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला की थांबायचं आणि गोल कानस घ्यायची. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं असतंच, पण चेनला लागणारं ऑइल वेगळ्या टाकीत असतं. ती टाकी रिकामी ठेवून चेन चालवली की बार निळा पडतो.

अपघात बहुतेक वेळा बारच्या टोकाने होतो. टोकाच्या वरच्या भागाला दुसरी फांदी लागली की सॉ क्षणात वर, तोंडाकडे उसळतो. म्हणून खांद्याच्या वर सॉ न्यायचा नाही, एका हाताने चालवायचा नाही, आणि शिडीवर उभं राहून तर मुळीच नाही. शिडीवर चढून एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कटर चालवणारा माणूस दर पावसाळ्यात दिसतो, आणि खाली उभे राहणारे त्याला शाबासकी देतात.

"शेंडा उडवला की झाड सुरक्षित"

उलट. शेंडा छाटलेल्या झाडाला कापलेल्या जागेभोवती पाच-सहा नवे धुमारे फुटतात. ते खोडात खोल रुजलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात, आणि तीन-चार पावसाळ्यांनी जाड झाले की वाऱ्यात तेच मोडून गाड्यांवर पडतात. मोठी फांदी तीन कापांत काढायची: आधी खालून अर्धा काप, मग थोडं बाहेरून वरचा, शेवटी बुंध्याजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेर. कडं खरवडून सपाट काप घेऊ नये. जखमेवर डांबर किंवा रंग फासायची पद्धतही सोडायला हवी. अमेरिकन वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, आतून भिंत घालून तिला वेगळं करतं. रंगाने त्यात मदत होत नाही.

परवानगीचा भागही इथेच येतो. शहरात १९७५चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा लागू आहे. त्यात 'तोडणे' म्हणजे फक्त बुंध्यावर घाव नव्हे. जाळणं, इजा करणं हेही त्यात धरलंय. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी राजीव गांधी भवनातल्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच. तपोवनात साधुग्रामसाठी झाडं तोडण्याच्या बेतावरून २०२५च्या अखेरीस जे रान उठलं, त्यानंतर तरी नाशिककरांना हे नव्याने सांगायची गरज पडू नये. शहराबाहेर, दिंडोरी-निफाडच्या बांधावर, १९६४चा झाडतोडीचा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह अशी झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत.

फांद्या भरताना गाडीबाहेर लोंबकळत ठेवल्या तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा वजनालाही तेवढेच, वर दर टनाला २,००० रुपये. ओलं लाकूड दिसतं त्याहून बरंच जड असतं.

परदेशी जायच्या बेतात असलेल्यांसाठी एक: "इथलं हेवी लायसन्स अमेरिकेत चालतं" ही एजंटांची थाप आहे. तिथे २६,००१ पौंड किंवा जास्त, म्हणजे सुमारे ११,८०० किलोंपासूनच्या गाडीला सीडीएल, म्हणजे तिथलं व्यावसायिक लायसन्स, लागतं, आणि परदेशी लायसन्सपैकी फक्त कॅनडा आणि मेक्सिकोचं व्यावसायिक लायसन्स तिथे मानलं जातं. फेब्रुवारी २०२२पासून पहिल्यांदा सीडीएल काढणाऱ्याला नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षणही सक्तीचं आहे. इथला पाच वर्षांचा अनुभव नोकरीच्या मुलाखतीत सांगता येईल, परीक्षा मात्र पहिल्यापासून द्यावी लागेल.