छायाचित्रामागची माया

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी सुरतेत शिरले आणि आमच्या घरचा फोटोंचा अल्बम त्यात भिजला. पाने एकमेकांना चिकटली होती. सोडवू गेलो तर चेहरेच निघून येऊ लागले. भांडीकुंडी, गाद्या पुन्हा घेता आल्या. पण आईचा लग्नापूर्वीचा फोटो कोठून आणावा? जुन्या छायाचित्रात असे काय असते की ज्याच्या नाशाने माणूस इतका हळहळतो, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

त्याचे उत्तर मला आपल्या शेजारच्या नवसारीत जन्मलेल्या एका छायाचित्रकर्तीच्या चित्रांत सापडले. होमाई व्यारावाला यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी एका पारशी कुटुंबात झाला. त्या काळी नवसारी गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होती, म्हणजे आपल्याला अगदीच परकी नव्हे. वडील नाटक कंपनीत होते. पुढे कुटुंब मुंबईस आले, होमाई जे. जे. कलाशाळेत शिकू लागल्या आणि माणेकशा व्यारावाला यांच्याकडून त्यांनी छायाचित्रणाचे धडे घेतले. पुढे उभयतांचा विवाह झाला.

या तरुण मुलीने आरंभी टिपले तरी काय? कलाशाळेतल्या मैत्रिणी, सहलीची मौज, मुंबईचे नित्याचे जीवन. रेहाना मोगल ही सहाध्यायिनी तर त्यांच्या कित्येक चित्रांत दिसते. त्यांत ना कोणी पुढारी, ना कसला समारंभ. तरीही आज ती पाहताना स्वातंत्र्यापूर्वीची ती मुंबई आणि मोकळेपणाने हसणाऱ्या त्या मुली समोर उभ्या राहतात व गळा दाटून येतो. पाहणाऱ्यास गहिवर यावा म्हणून ती काढलेली नव्हती. काढणारीने समोरच्या माणसांकडे आपलेपणाने पाहिले, एवढेच. बाकीचे काम वर्षांनी केले. खेदाची गोष्ट ही की यांतील पुष्कळ चित्रे ‘इलस्ट्रेटेड वीकली’त छापली गेली ती पतीच्या नावाने.

१९४२ साली त्या दिल्लीस गेल्या. साडी नेसून, जड कॅमेरा सावरीत पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या या बाईंनी १६ ऑगस्ट १९४७ चे लाल किल्ल्यावरील ध्वजारोहण टिपले, गांधीजींची अंत्ययात्रा टिपली. विमानतळावर बहिणीला, विजयालक्ष्मी पंडितांना, कवेत घेणारे नेहरू त्यांच्या चित्रात दिसतात, तेव्हा पंतप्रधान बाजूला राहतो आणि भाऊच तेवढा उरतो. एक रुखरुख मात्र त्यांना जन्मभर राहिली. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या बिर्ला भवनाकडे निघाल्या होत्या. पतीने वाटेतून परत बोलावले. न काढलेले चित्रही माणसाला विसरता येत नाही.

१९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. उत्तरायुष्य बडोद्यात गेले. २०११ साली पद्मविभूषण मिळाले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी त्या निवर्तल्या. त्यांचा संग्रह आज दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे सुरक्षित आहे.

आपल्या घरांतील संग्रहाचे काय? पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहिलेल्या आपल्या घरांतून नऊवारीतल्या आज्या, मुंजीतले बटू, गणपतीपुढे रांगेत बसलेली मुले पेटीच्या तळाशी पडून आहेत. ओळखणारी माणसे एकेक करून जात आहेत. ती असतानाच प्रत्येक फोटोच्या मागे नाव, गाव व साल लिहून ठेवावे आणि एक प्रत परगावच्या नातलगांकडे द्यावी, असे माझे वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे.

याला माझ्यापाशी पुरावा आहे. पुरानंतर दोन वर्षांनी आईच्या त्या फोटोची दुसरी प्रत धुळ्यास मावशीच्या पेटीत सापडली. मागे आजोबांच्या वळणदार अक्षरात आईचे माहेरचे नाव व साल आहे. फोटो कोणी काढला, ते मात्र लिहायचे राहून गेले. एवढ्या मायेने आईकडे पाहणारे ते कोण होते, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.