आजारी नोकराला काढायचे का?

परवा दुपारी दवाखाना बंद करायच्या वेळेला बाजारपेठेतले एक दुकानदार आत आले. त्यांची स्वतःची तक्रार काहीच नव्हती. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडचा तो मुलगा तुमच्याकडे येतो ना? महिनाभर खोकतोय. गिऱ्हाईक नाक मुरडतं. तसलं काही असेल तर आत्ताच सांगा, त्याचा हिशेब करून टाकतो."

मी म्हणालो, "शेठजी, माझ्याकडे कोण येतं, कशासाठी येतं, हे मी कुणालाच सांगत नाही. त्याला डॉक्टरचा दाखला आणायला सांगा. कामावर यायला हरकत आहे की नाही, एवढं त्यात लिहिलेलं असेल."

"पगार मी देतो!" शेठजी नाराज झाले. त्यांची काळजी खोटी नव्हती. दुकानात आणखी माणसे आहेत, घरी नातवंडे आहेत. तरीही मी बोललो नाही, कारण एकदा बोलण्याची चूक माझ्या हातून झाली आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखाना नुकताच थाटला होता. एका गोदामातल्या हमालाच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. त्याचा मालक माझ्या ओळखीचा. रस्त्यात भेटला, त्याने सहज विचारले आणि मी सहज सांगितले. दुसऱ्याच दिवशी हमालाला घरी बसवले. पगार बंद झाला. मग तो दुसऱ्या गावी खडी फोडायला गेला. तिथे कळू नये म्हणून गोळ्यांची पुडी फेकून दिली. वर्षभराने परत आला तो रक्ताच्या गुळण्या टाकीतच. सोबतच्या लहान मुलीच्या मानेला गाठी आल्या होत्या. पुन्हा पहिल्यापासून उपचार, वर दोन महिने इंजेक्शने. दोघेही बरे झाले, पण त्याच्याने पुन्हा पोते उचलवले नाही.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. त्या गोदामातले बाकीचे हमाल माझ्याकडे यायचे बंद झाले. खोकला झाला तरी ते अंगावर काढू लागले. म्हणजे एका रोग्याला काढून मालकाने रोग घालवला नाही. तो फक्त लपवायला शिकवला.

वाचकहो, प्रथम वैद्यकीय बाजू समजून घेऊ. क्षय हवेतून, खोकल्यातून पसरतो. कपबशी, कपडे, हस्तांदोलन यांतून नाही. फुफ्फुसाचा क्षय असला तरी योग्य औषधे नियमित सुरू केल्यावर बहुतेक रुग्णांपासून होणारा संसर्गाचा धोका काही आठवड्यांतच झपाट्याने कमी होतो. साधा क्षय साधारण सहा महिन्यांत बरा होतो. गाठींचा क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे प्रश्न नोकरी घालवण्याचा नसून बहुधा काही आठवड्यांच्या रजेचा आहे. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला ५०० रुपये मिळत असत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत.

काही जण म्हणतील, क्षयाचा रुग्ण सरकारला कळवणे तर डॉक्टरवर बंधनकारक आहे, मग मालकाला का नको? २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही हे कळवावे लागते, हे खरे. पण आरोग्य खात्याला कळवायचे ते रुग्णाला औषध मिळावे, घरच्यांची तपासणी व्हावी म्हणून. मालकाला कळवल्याने यातले काही होत नाही. रुग्णाचे गुपित राखावे हा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे सक्तीचे असलेले रोग, एवढेच त्याला अपवाद आहेत.

आता कायदा. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराचे प्रकरण आले. त्याच्या रक्तात एच.आय.व्ही. सापडला म्हणून एका सरकारी उपक्रमाने त्याला काम नाकारले होते. न्यायालयाने त्याला नाव गुप्त ठेवून, 'एम.एक्स.' एवढ्याच अक्षरांनी दाद मागू दिली. जो माणूस काम करण्यास सक्षम आहे आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना खरोखरीचा मोठा धोका नाही, त्याला केवळ या विषाणूच्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय झाला. पुढे २०१७ मध्ये एच.आय.व्ही.बाबतचा कायदाच झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. नोकरी देण्यापूर्वी या तपासणीची अट घालता येत नाही. कामावरून काढायचे तर स्वतंत्र डॉक्टरचे लेखी मत हवे आणि त्या माणसाला सांभाळून घेणे आपल्याला का शक्य नाही, हे मालकानेही लेखी द्यावे लागते.

आजारपणात कामगाराला वाऱ्यावर सोडू नये, हा विचार जुनाच आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातच आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात काढण्यास मनाई होती. आपल्या ई.एस.आय. कार्डावर नुसती औषधे नव्हे, रजेच्या काळातला भत्ताही मिळतो आणि क्षयासारख्या लांबलेल्या आजारात तो वाढवूनही मिळतो, हे अनेक कामगारांना ठाऊकच नसते.

अर्थात चार नोकरांच्या दुकानाला ई.एस.आय. सहसा लागू नसते. तिथे बऱ्याच गोष्टी मालकाच्या मनावर राहतात. म्हणून थोडे व्यवहाराचे सांगतो.

मालकांनी कामावर घेताना कामापुरतेच तपासावे. ड्रायव्हरची नजर पाहावी. हॉटेलातल्या आचाऱ्याची तर दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावीच, तो अन्नसुरक्षेचा नियम आहे. त्याला विषमज्वर झाला तर बरा होईपर्यंत स्वयंपाकघरापासून दूर ठेवणे योग्यच. पण दूर ठेवणे वेगळे आणि काढून टाकणे वेगळे. नोकराच्या नकळत त्याचे रक्त तपासून घेऊ नये. डॉक्टरकडे रोगाचे नाव मागू नये. "हा माणूस हे काम करू शकतो का, कधीपासून, कोणती काळजी घ्यावी?" एवढेच विचारावे. शक्य असेल तर हलके काम द्यावे. काम खरोखरच झेपत नसेल आणि निरोप द्यायची वेळ आली, तर लेखी कळवून, पगार व देणी चुकती करून द्यावा. चार लोकांत आजाराचा उच्चार करू नये.

नोकरांनीही खोकला लपवू नये. दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकी तपासून घ्यावी. रजेचा अर्ज व दाखला लेखी द्यावा, त्याची प्रत जपून ठेवावी. आजारामुळे अन्याय झालाच तर सरकारी कामगार अधिकाऱ्याचे कार्यालय आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पात्र व्यक्तींना मोफत वकील मिळतो.

आणि आम्हा डॉक्टरांनी? खोटा दाखला कुणालाच देऊ नये, ना मालकाच्या सांगण्यावरून, ना नोकराच्या. आणि रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाशी फक्त पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात.

ते शेठजी गेल्या आठवड्यात पुन्हा भेटले. नोकर दाखला देऊन रजेवर गेला आहे, अर्धा पगार घरी पोचवतो, म्हणाले. त्यांनी रोग विचारला नाही. त्या मुलाला काय झाले होते, ही उत्सुकता वाचकांनाही असेल. ते इथेही लिहिणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून वरचे काही तपशील मी बदललेच आहेत.