आकडा जुळला, कोडे कायम

म्युऑन नावाच्या मूलकणाच्या चुंबकत्वाचे आपले अंतिम मापन अमेरिकेतील शिकागोनजीकच्या फर्मीलॅब प्रयोगशाळेने ३ जून २०२५ रोजी जाहीर केले. त्यातील अनिश्चितता एक अब्जात १२७ भाग इतकी अल्प आहे. चार वर्षांपूर्वी याच प्रयोगाचा पहिला निकाल आला तेव्हा भौतिकशास्त्राची प्रस्थापित चौकट मोडकळीस आल्याच्या वार्ता जगभर झळकल्या होत्या. या वेळी तसे काही झाले नाही, कारण सिद्धांताचा आकडा आणि प्रयोगाचा आकडा यांतील तफावत जवळजवळ मिटली होती. मौज अशी की, मोजलेला आकडा होता तेथेच राहिला. सरकला तो हिशेबाचा आकडा. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे आणि हिशेबातील तफावत हा त्याच्या शास्त्राचाही जुना आजार असल्यामुळे त्याला हे प्रकरण विशेष उद्बोधक वाटते.

म्युऑन हा इलेक्ट्रॉनचाच वजनदार भाऊबंद. वस्तुमान सुमारे २०७ पट आणि सरासरी आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद. १९३६ साली तो विश्वकिरणांत आढळला. पॉल डिरॅक यांच्या १९२८ सालच्या समीकरणाप्रमाणे अशा कणाच्या चुंबकीय परिबलाचा एक गुणांक बरोबर २ यावयास हवा. प्रत्यक्षात तो किंचित अधिक भरतो. पुंज सिद्धांतानुसार निर्वात पोकळी कधीच पूर्ण रिती नसते. तीत नाना कण क्षणभर उमटतात व मावळतात आणि त्यांचा स्पर्श मूळ कणाच्या चुंबकत्वाला होतो. हा वाढावा किती, याचा पहिला हिशेब ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ साली इलेक्ट्रॉनसाठी मांडला. उत्तर आले सुमारे ०.००११६, म्हणजे हजारात एकाहून थोडे अधिक. पुढचे अंक मिळविण्यात पिढ्या खपल्या. तोइचिरो किनोशिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी या हिशेबाच्या केवळ पाचव्या पायरीसाठी १२,६७२ आकृत्यांची बेरीज केली, एवढे सांगितले म्हणजे या उद्योगाची कल्पना यावी.

एवढा खटाटोप कशासाठी? पोकळीत उमटणाऱ्या कणांत आपल्याला अद्याप ठाऊक नसलेले कणही असतील, तर त्यांचाही वाटा त्या वाढाव्यात असणार. म्युऑन जड असल्यामुळे अशा अज्ञात जड कणांची चाहूल त्याला इलेक्ट्रॉनच्या सुमारे ४३ हजार पट अधिक लागते. ज्ञात कणांचे सर्व देणे चुकते करून मोजलेल्या आकड्यात काही शिल्लक उरलीच, तर ती नव्या भौतिकशास्त्राची. तर्क बिनतोड आहे; मात्र ‘सर्व देणे चुकते करून’ या शब्दांत सारी मेख आहे.

आमच्या शास्त्रात अशी एक शिल्लक प्रसिद्ध आहे. रॉबर्ट सोलो यांनी १९५७ साली अमेरिकेच्या चाळीस वर्षांच्या उत्पादनवाढीचा हिशेब मांडला, तेव्हा दरताशी उत्पादनातील वाढीचा फक्त आठवा हिस्सा भांडवलाच्या खाती पडला. उरलेल्या सात हिश्श्यांना तांत्रिक प्रगती असे भारदस्त नाव मिळाले. मोझेस अब्रामोविट्झ यांनी आदल्याच वर्षी अशा शिलकीला आपल्या अज्ञानाचे माप म्हटले होते. ते नाव मला अधिक न्याय्य वाटते.

म्युऑनच्या शिलकीचाही इतिहास असाच सावध करणारा आहे. २००१ च्या आरंभी ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेने मापन जाहीर केले आणि सिद्धांतापासूनचे अंतर पाहून नव्या कणांविषयीच्या शोधनिबंधांचा पाऊस पडला. वर्ष संपण्याच्या आत असे उघडकीस आले की, सैद्धांतिक हिशेबातील एका छोट्या पदाचे चिन्हच उलटे पडले होते. अधिकाच्या जागी उणे! ज्यांचा हिशेब चुकला होता त्यांत दस्तुरखुद्द किनोशिता होते आणि त्यांनी चूक तत्काळ मान्य केली.

तफावत त्यानेही पुरती मिटली नाही. म्हणून २०१३ साली सुमारे १५ मीटर व्यासाचे ते अवाढव्य चुंबकीय कडे न्यूयॉर्कजवळून समुद्रमार्गे, नदीमार्गे आणि रस्त्याने फर्मीलॅबला नेण्यात आले. २०१८ ते २०२३ या काळात तेथे मापने झाली. प्रयोगाच्या घड्याळाची नेमकी गती प्रयोगाबाहेरच्या दोनच व्यक्तींना ठाऊक होती. सारे विश्लेषण पुरे झाल्यावर लिफाफा उघडावयाचा आणि मग उत्तर कळावयाचे. अपेक्षित उत्तराकडे हात नकळत वळू नये, यासाठी शास्त्रज्ञांनी स्वतःवरच घातलेला हा पहारा होता.

७ एप्रिल २०२१ रोजी पहिला निकाल आला. ब्रुकहेव्हनचा आकडा मिळवून तफावत ४.२ प्रमाण विचलनांची भरली. शोध म्हणण्यासाठी ५ लागतात. नेमक्या त्याच दिवशी ‘नेचर’मध्ये दुसरा एक निबंध प्रसिद्ध झाला. हिशेबातील सर्वांत अवघड भाग क्वार्कांच्या तीव्र आंतरक्रियांचा आहे, आणि तो सरळ समीकरणांतून सुटत नाही. तोवर तो इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरींच्या मापनांवरून काढला जात असे. या निबंधाच्या लेखकांनी अवकाश व काल यांचे बारीक जाळे कल्पून तो थेट महासंगणकावर सोडविला, आणि त्यांचा आकडा प्रयोगाच्या बराच जवळ आला. इतर गटांनी स्वतंत्रपणे पडताळे घेतले. मे २०२५ मध्ये सिद्धांतकारांच्या संयुक्त गटाने हीच पद्धत स्वीकारली.

दशांश चिन्हानंतरच्या अकराव्या स्थळाचे एकक धरले, तर २०२१ साली तफावत २५१ होती. आता ती ३८ च्या आसपास आहे. पण वाचकांनी दुसऱ्या एका आकड्याकडे लक्ष द्यावे, ही विनंती. सिद्धांताची स्वतःची अनिश्चितता २०२० साली ४३ सांगितली गेली होती. २०२५ साली ती ६२ सांगण्यात आली. पाच वर्षे खपून तज्ज्ञांनी आपल्या ज्ञानाची हमी कमी केली! माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील हे सर्वांत मोलाचे काम होय. आपल्याकडे राष्ट्रीय उत्पन्न उत्पादनाच्या बाजूने व खर्चाच्या बाजूने मोजले जाते, दोन्ही बेरजा जुळत नाहीत, आणि तफावत नावाच्या ओळीत तो फरक मुकाट्याने बसविला जातो. विकासदर मात्र दशांशासह जाहीर होतो आणि त्या दशांशावर आठवडाभर वाद झडतात. त्यापुढे अधिक-उणे असे चिन्ह छापलेले सहसा दिसत नाही.

नवे काहीच सापडले नसेल तर इतका पैसा कशासाठी ओतला, हा प्रश्न करदात्याने विचारणे रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, २०२१ च्या शिलकीवर उभारलेल्या कल्पनांचा पाया आता डळमळला आहे, आणि यापुढे मांडल्या जाणाऱ्या प्रत्येक सिद्धांताला या मापनाच्या चिमट्यातून सुटावे लागेल. निष्फळ धांडोळ्याचीही अशी किंमत असते. ती वार्तेच्या मथळ्यात मावत नाही, एवढेच.

आणि प्रकरण मिटलेलेही नाही. रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे २०२३ साली टकरींची जी नवी मापने प्रसिद्ध झाली, ती जालकाच्या हिशेबाकडे झुकणारी आहेत. पण तेथल्याच जुन्या मापनांशी आणि इतर प्रयोगशाळांच्या मापनांशी त्यांचा मेळ बसत नाही, आणि तो का बसत नाही हे अद्याप उलगडलेले नाही. मोजमाप आता हिशेबाच्या सुमारे चौपट अचूक आहे, म्हणजे पुढचा डाव सिद्धांतकारांचा. जपानमध्ये जे-पार्क येथे म्युऑनचे हेच चुंबकत्व अगदी निराळ्या पद्धतीने मोजण्याची तयारी चालू आहे, आणि जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत म्युऑन इलेक्ट्रॉनांवर आदळवून तो अवघड भाग तिसऱ्याच वाटेने काढण्याचा प्रस्ताव चाचणीच्या टप्प्यावर आहे.